जावयासाठी पेटवलेला बंब

आमच्या घरी एक तांब्याचा बंब आहे आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त मान आहे. हे मी रागाने लिहिते आहे असं कोणाला वाटलं तर अगदी बरोबर वाटलं. वर्षभर तो हैदराबादला, मलकपेठच्या आमच्या फ्लॅटमध्ये, दिवाणखान्यात सोफ्याच्या कोपऱ्याला, डोक्यावर प्लास्टिकची फुलं घेऊन उभा असतो. आल्यागेल्याला माझे थोरले दीर त्याची ओळख करून देतात. हा आमच्या आजोबांचा, आजोबा निजामाच्या वेळचे वकील, याच बंबाच्या पाण्याने आंघोळ करून कोर्टात जायचे. आजोबांनी कोणते खटले जिंकले ते दिरांना सांगता येत नाही, बंबाची कहाणी मात्र तोंडपाठ. यंदा दिवाळीला तो पुन्हा पेटवायचं घाटतं आहे, म्हणून मी लिहायला बसले.

लेकीच्या पिढीला बंब म्हटलं की आग विझवणारी लाल गाडी आठवते, म्हणून सांगते. हा पाणी तापवायचा बंब. मधोमध उभी नळी, तिच्यात वरून लाकडं आणि कोळसा टाकायचा, नळीभोवती पाणी, बाजूला तोटी, खाली राख पडायला जाळी. पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, नाहीतर सांध्यांचा डाख वितळून सुटतो. लाकूड वाळलेलं हवं. आणि बंब मोकळ्यावर ठेवायचा. हा शेवटचा नियम आम्हाला कोणी सांगितला नाही, कारण सांगायची वेळच आली नाही. माझ्या माहेरी, नांदेडकडे, बंब परसात असायचा आणि न्हाणीला दार म्हणजे गोणपाटाचा पडदा. वर कौलं, त्यांच्या फटींतून आभाळ दिसायचं. विस्तवातून काय निघतं ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण जे निघायचं ते आपोआप बाहेर जायचं. जुनी माणसं फार शहाणी होती असं दीर उठताबसता म्हणतात. त्यांच्या घरांना फटी होत्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी उभा जन्म शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. कोळसा भरपूर हवेत जळला तर काय होतं आणि हवा कमी पडली तर काय होतं, हे फळ्यावर इतक्यांदा लिहिलं की झोपेतही लिहीन. हवा कमी पडली की जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. नववीच्या मुलांना हे कळतं. आमच्या घरातल्या निवृत्त अधिकाऱ्याला, म्हणजे दिरांना, कळत नाही. "मास्तरीणबाई, शाळा सुटली आता," हे माझ्या कोणत्याही बोलण्यावर त्यांचं उत्तर. यावर घरातले सगळे हसतात आणि हसून झालं की माझा मुद्दा निकालात निघाला असं धरतात.

जाऊबाई गेल्यापासून दीर आमच्याकडेच असतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माणूस एकटा कुठे राहणार. पण घर आमचं आणि सणवार त्यांच्या हुकमाने, हे मला अजून पचलेलं नाही. माझा नवरा धाकटा. धाकटेपणाची त्याला इतकी सवय की साठी उलटली तरी थोरल्या भावासमोर 'जाऊ दे' यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

लेकीचं लग्न झालं आणि पहिली दिवाळी आली. जावई तेलुगू, तिच्याच ऑफिसातला. दिरांनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं होतं, मुलगा वाकून पाया पडला तेव्हा ते सरळ झालं. मुलगा खरोखर गुणी. मराठीचे चार-पाच शब्द शिकून आला होता आणि ते जपून जपून वापरायचा. पानात वाढलेलं सगळं खायचा, नको म्हणायला लाजायचा. अशा माणसाला कोणीही काहीही सांगावं आणि त्याने मान डोलवावी.

दिवाळसण म्हटल्यावर जावयाचं अभ्यंगस्नान आलंच. त्यांच्याकडेही नरकचतुर्दशीला तेल लावून न्हातात, त्यामुळे तेलाचं त्याला नवल नव्हतं. नवल होतं बंबाचं, आणि ते दिरांनी फोनवरून वाढवत वाढवत नेलं होतं. दरवर्षी आम्ही बंब स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत पेटवायचो आणि पाणी बादलीने आत न्यायचो. त्यात काही वावगं नाही. गॅलरीला जाळी आहे, वारा आहे, विस्तव तिथेच विझतो. पण या वेळी दिरांना ते पुरेना.

"जावईबापूंनी काय बादलीतलं पाणी घ्यायचं?" ते म्हणाले. "बंब आत नेऊ. ते तोटी फिरवतील, गरम पाणी धो धो पडेल. खानदानी काम असतं हे."

"दादा, विस्तव बंद खोलीत न्यायचा नाही," मी म्हटलं. "जीव जाईल कोणाचा तरी."

"सणाचं काय बोलता, मास्तरीणबाई! आत पेटवा म्हणतंय कोण? गॅलरीतच पेटवू. धुवां पूरा निकल गया की मग आत नेऊ. धूरच नाही तर परेशानी कायकी?"

इथेच सगळं अडलं होतं. धूर गेला म्हणजे धोका गेला, हे आमच्या घरचं शास्त्र. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. धूर असला तर माणूस खोकत, डोळे चोळत बाहेर तरी पळतो. लाकडं जळून लालभडक निखारे झाले, धूर संपला, की कोणाला शंकाही येत नाही, आणि तो वायू तर निखाऱ्यांतून निघतच असतो. हे मी सांगितलं. दोनदा सांगितलं. गाढवापुढे वाचली गीता.

आणि ती बाथरूम कशी! आदल्याच वर्षी नवी करून घेतलेली. एक्झॉस्टच्या भोकात पारव्यांनी घरटं केलं म्हणून दिरांनी तिथे पुठ्ठा बसवून चारी बाजूंनी टेप लावलेली. दार प्लास्टिकचं, खालून रबराची पट्टी, एसीची गार हवा वाया जाऊ नये म्हणून. राहिली एक खिडकी, ती समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीकडे उघडते. हवेला जायला वाट राहणार नाही अशी खोली बांधल्याबद्दल आम्ही मिस्त्रीला शाबासकीही दिली होती.

"निदान खिडकी उघडी ठेवा आणि दाराला कडी नको," मी शेवटी म्हटलं.

"समोरच्यांनी जावयाची आंघोळ बघत बसायची? आपली इज्जत काय राहील?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चहा ढवळत होता. "जाऊ दे ना," तो म्हणाला, "थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे."

चतुर्दशीच्या पहाटे बंब गॅलरीत पेटला. दीर स्वतः अफझलगंजच्या वखारीतून बाभळीची लाकडं घेऊन आले होते, जोडीला नारळाच्या करवंट्या. बंबाला झेंडूची माळ, पोटावर कुंकवाची बोटं. खोटं कशाला सांगू, दिसत छान होता. आधी भसाभस धूर, मग थोडा, मग नाही. नळीत निखारे फुलले, पाणी गुणगुणायला लागलं. दोघा भावांनी बंबाच्या कड्यांतून लोखंडी सळई घातली आणि पालखी निघावी तसा तो आत नेला. मी मागून जाऊन खिडकी सताड उघडली. मग फराळाची ताटं लावायला स्वयंपाकघरात वळले, तेवढ्यात दिरांनी खिडकी लावून घेतली. वर फटीत टॉवेल कोंबला. हे मला नंतर दिसलं.

जावयाला तेल-उटणं लावून झालं. आत जाताना दीर त्याला म्हणाले, "आरामसे, जावईबापू. जल्दी नक्को. आमच्याकडे जावई जितका वेळ न्हातो तितका घराचा मान वाढतो." अशी चाल आमच्यात नाही, देशावर नाही, मराठवाड्यात नाही, कुठेच नाही. ती त्यांनी तिथल्या तिथे तयार केली होती. मुलाने हात जोडले, आत गेला आणि कडी लावली.

आमच्याकडे अर्धी आंघोळ झाली की ओवाळतात. त्याने पंचा गुंडाळून हाक मारायची, मग लेकीने निरांजन घेऊन दारात जायचं, असं ठरलं होतं. आम्ही चौघं दाराबाहेर उभे राहिलो. रस्त्यावर फटाक्यांच्या माळा लागत होत्या. लेकीच्या हातात ताट, नवऱ्याच्या हातात फोटोसाठी मोबाईल. हाक येईना.

"शरमाता है बच्चा," दीर म्हणाले आणि सगळे हसले. माझी लेकही हसली.

फटाके जरा थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आतून पाण्याचा आवाज नाही. तांब्याचा नाही, तोटीचा नाही. मी लेकीला म्हटलं, हाक मार. तिने हळूच मारली. मग जरा मोठ्याने. मी दारावर थाप मारायला हात उचलला तर दिरांनी तो मधेच धरला.

"जावयाच्या न्हाणीच्या दारावर धाडधाड करतात का? सासू आहात तुम्ही."

"बरं दिसत नाही गं," नवरा म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं दिसत नाही! एक माणूस आत गप्प झाला आहे आणि यांना दिसण्याची पडली आहे. मी हात सोडवून घेतला आणि दोन्ही मुठींनी दार बडवलं. त्याला नावाने हाका मारल्या. आतून हूं नाही की चूं नाही. मग मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि कडीच्या जागी घातला. अंगावर पैठणी, हातात वरवंटा, आणि दीर मागून ओरडतायत, "अरे नवीन दरवाजा आहे!" दुसऱ्या की तिसऱ्या घावाला प्लास्टिक फाटलं. लेकीने फटीतून हात घालून कडी काढली.

आत धुराचा मागमूस नव्हता. उबदार खोली, उटण्याचा वास, नळीत सुंदर लाल निखारे. मुलगा पाटावर बसल्या बसल्या भिंतीला कलंडला होता, तांब्या पायाशी आडवा. "श्वास रोखून आत जा आणि आधी त्याला ओढा!" मी नवऱ्यावर ओरडले. त्याचं भलं होवो, या वेळी तो 'जाऊ दे' म्हणाला नाही. आम्ही दोघांनी त्याला बखोटीला धरून ओढत गॅलरीत आणलं, मोकळ्या हवेत. लेक घरभरच्या खिडक्या उघडत धावत होती, रडत होती, ताटातलं निरांजन दारातच पडून तेल सांडलं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, आमच्याकडे दोन्ही एकाच खोलीत कोंडून ठेवले होते आणि सोबत माणूस.

गार वाऱ्यात थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. उलटी केली. डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं. इतका वेळ गप्प असलेल्या दिरांना लगेच वाचा फुटली.

"उपाशीपोटी तेल लावलं, पित्त झालं. चेहरा बघा कसा गुलाबी आहे, तब्येत एकदम फस्क्लास. निंबूपाणी द्या आणि झोपू द्या." मग ते कपाटातून कोरोनाच्या वेळचं ते बोटाला लावायचं यंत्र घेऊन आले, मुलाच्या बोटाला लावलं आणि आकडा सगळ्यांना दाखवला. "अठ्ठ्याण्णव! आता बोला, मास्तरीणबाई."

बोलले. ते यंत्र रक्ताचा लालपणा बघतं. कोळशाच्या वायूने बिघडलेलं रक्तही त्याला तसंच लाल दिसतं. प्राणवायूच्या जागी भलताच पाहुणा येऊन बसला आहे, हे त्याला ओळखता येत नाही. ते अठ्ठ्याण्णव म्हणत राहील आणि माणूस झोपेत जाईल. रक्त तपासायला हवं, नाकातोंडाला ऑक्सिजन लावायला हवा, आणि आत्ता लावायला हवा.

"दिवाळीच्या दिवशी जावयाला दवाखान्यात? व्याह्यांना काय सांगायचं? सासुरवाडीत पहिल्याच सणाला पोरगा दवाखान्यात नेला?"

"आई, आकडा तर नॉर्मल आहे ना," लेक म्हणाली. ती इतकी घाबरलेली होती की तिला तो आकडा खरा हवा होता. तिच्यावर मला रागावता आलं नाही. बाकीच्यांवरचा राग दोघांना पुरेल इतका होता. मी तिला म्हटलं, याचे कपडे घे आणि चप्पल घाल. खाली जाऊन रिक्षा थांबवली. नवरा मुलाला धरून जिन्याने उतरवत होता आणि दीर वरून सांगत होते की रिक्षावाल्याला काही बोलू नका.

रिक्षात तो माझ्या आणि लेकीच्या मध्ये बसला होता, डोकं माझ्या खांद्यावर. ओले केस, अंगाला उटण्याचा वास. रस्ताभर फुटलेल्या फटाक्यांचा लाल कागद. तो पुटपुटला, "सॉरी अत्तय्या." अत्तय्या म्हणजे सासूबाई. मी म्हटलं, सॉरी कशाबद्दल?

"सर बहुत दुख रा था," तो म्हणाला. "उठना बोल के सोचा. फिर समझा, आप लोगां में ऐसाच रैता."

आमच्यात असंच असतं असं त्याला वाटलं! डोकं फुटायची वेळ आली, हातपाय लुळे पडले, आणि पोरगा मान राखायला बसून राहिला, कारण एका म्हाताऱ्याने त्याला सांगितलं होतं की जितका वेळ बसशील तितका घराचा मान. मला त्या क्षणी रडूही आलं आणि परत जाऊन कोणाला तरी तोच वरवंटा मारावासा वाटला. मी काहीच केलं नाही, त्याला जागं ठेवण्यासाठी बडबडत राहिले. ऑफिस कसं आहे, तुमच्याकडे दिवाळीला काय करतात, आई कोणतं गोड करते. तो एकेक शब्द उत्तर देत होता.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्या लेकीएवढी. बंब म्हणजे काय हे तिला आधी समजावून सांगावं लागलं. समजल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि मला झापझाप झापलं. बंद बाथरूम, निखारे, आणि आत माणूस, शिकलेले लोक ना तुम्ही? त्या दिवशी माझ्याइतकं चिडलेलं दुसरं माणूस भेटलं याचं मला बरंच वाटलं. रक्त तपासून आलं, मी म्हणत होते तेच निघालं. तोंडावर मास्क लागला. निंबूपाणी पाजून घरीच झोपवला असता तर, असं ती म्हणाली आणि लेकीकडे बघून पुढचं बोललीच नाही.

संध्याकाळी मी कपडे आणि जेवण न्यायला घरी आले. लेक त्याच्याजवळ थांबली होती. गॅलरीत दीर चिंच आणि मीठ लावून बंब घासत बसले होते. शेजारी स्टुलावर मोबाईल, स्पीकर चालू, पलीकडे जावयाचे आईवडील. "अजी कुछ भी नहीं," दीर सांगत होते, "हमारे बंब का पानी इतना पसंद आया, जावईबापू बाथरूममेंच सो गए!" आणि स्वतःच मोठ्याने हसले. नवरा दारात उभा होता. तो हसत नव्हता, पण गप्प होता, आणि मला दोन्ही सारखंच.

मी फोन उचलला. दीर चिंचेच्या हातांनी खुणा करत राहिले. मी जावयाच्या आईला माझ्या मोडक्यातोडक्या दखनीत सगळं सांगितलं. बंब आत नेला ते, खिडकी लावली ते, कडी, वरवंटा, दवाखाना, मास्क. तो आता बोलतो आहे, डॉक्टर म्हणते रात्रभर ऑक्सिजन ठेवू, हेही सांगितलं. काही लपवलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "आप लोगां कहाँ थे?"

"दरवाजे के बाहर," मी म्हटलं. "सगळे."

"बाहरीच थे?"

"हौ."

त्या ओरडल्या असत्या तर मी सोसलं असतं, ओरडणं मला समजतं. त्या ओरडल्या नाहीत. "मैं आ रही," त्या म्हणाल्या. "सुबह तक पहुँचती. तब तक उसकू उठाते रहो. शरम नक्को करो." आणि फोन बंद झाला.

दीर म्हणाले की एवढं सगळं सांगायची काय गरज होती. मी डबा भरला, पांघरूण घेतलं आणि दवाखान्यात परत गेले. लेक खुर्चीत पेंगत होती, तो मास्क लावून शांत झोपला होता, छाती वरखाली होत होती. नर्स म्हणाली झोपू द्या, काळजीचं कारण नाही. मला ते कळत होतं, माझं शास्त्रही तेच सांगत होतं. तरी मी त्याच्या खांद्याला हात लावून त्याला उठवलं. त्याने डोळे उघडून पाहिलं. मी म्हटलं, काही नाही रे, झोप. आणि थोड्या वेळाने पुन्हा उठवलं.